पर मोजा, खवले मोजा: मृगळ की रेबा, कटला की बिगहेड?

तळेराखा:

नमस्कार मंडळी. शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ ४:३:३ प्रमाणात सोडले, निदान पावतीवर तरी तसंच आहे. आता जाळं ओढल्यावर पावतीत न बसणारे मासे निघतायत. चौघांना विचारलं तर पाच नावं आली, म्हणून इथे टाकतोय.

क्र. १: मृगळ म्हणून आलेला. सडपातळ, चंदेरी. २१-२२ सेंमीच्या पुढे सरकत नाही. त्याच तळ्यातले बाकीचे मृगळ ३५ सेंमी झालेत.

क्र. २: कटला म्हणून आलेला. डोकं कटल्यासारखं मोठं, पण खवले इतके बारीक की वेगळे दिसतच नाहीत.

क्र. ३: अंगावर जेमतेम पंधरा-वीस खवले, तेही रुपयाएवढे. बाकी उघडी कातडी. हा रोग आहे का?

क्र. ४: चिलापी (तिलापिया). कोणी सोडली नाही तरी आली, तो विषय वेगळा. पण यात दोन प्रकार असावेत असं वाटतंय.

रंगावरून कृपया सांगू नका, तिथेच सगळी भांडणं आहेत. मोजून ठरेल असं हवंय. कुठून मोजायचं, कुठे थांबायचं, किती आले तर कोण? भिंग, पट्टी आणि वेळ, तिन्ही आहे.

काटेकोर:

रंग नको म्हणालात ते बरं केलं. एकच रोहू गढूळ पाण्यात फिका दिसतो, शेवाळलेल्या तळ्यात काळपट, आणि दोन तास बर्फात राहिला की तिसराच. परातल्या (माशाच्या पंखातल्या) काड्या आणि खवले मात्र बोटुकलीला जेवढे, तेवढेच पाच किलोच्या माशाला. मासा वाढतो तसा खवला मोठा होतो, खवल्यांची संख्या वाढत नाही. म्हणून मोजणीला अर्थ आहे.

आधी मोजणीची मांडणी. थर्माकोलचा तुकडा, टाचण्या, दात कोरायची काडी, दहापट भिंग आणि ओला फडका घ्या. मासा तोंड डावीकडे, पाठ वर अशा बेताने आडवा ठेवा. मोजणी डाव्या अंगाची करायची रीत आहे. सगळ्यांनी तीच पाळली म्हणजे आकडे जुळवता येतात. पाठीच्या परची पहिली काडी चिमटीत धरून पुढे ओढा, पर पंख्यासारखा उघडा आणि टाचणीने थर्माकोलवर अडकवा. मेल्यावर पर मिटतो आणि वाळला की काड्या एकमेकींना चिकटतात. तसाच मोजला तर दोन-तीन काड्या हमखास कमी भरतात. वाळला असेल तर पाच मिनिटं ओल्या फडक्याखाली ठेवा, जबरदस्तीने फाकवू नका.

आता काड्या. परच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरा. पुढच्या दोन ते चार काड्या सरळ असतात, त्यांना फाटा नसतो. त्यातली पहिली तर कातडीखाली तांदळाच्या कणीएवढी असते आणि ती निम्म्या लोकांना दिसत नाही. आकडे न जुळण्याचं हे पहिलं कारण. घरगुती ओळखीसाठी या साध्या काड्या सोडूनच द्या आणि ज्यांच्या टोकाला फाटे फुटलेत तेवढ्याच मोजा. शेवटी दोन काड्या एकाच मुळातून निघाल्यासारख्या दिसतात. ती एकच काडी बुंध्यापासून दुभंगलेली असते, एकच धरा.

मग खवले. कल्ल्याच्या झाकणामागून शेपटीपर्यंत ठिपक्या-ठिपक्यांची एक रेघ जाते, ती पार्श्वरेषा. या रेघेवरच्या प्रत्येक खवल्याला एक बारीक भोक किंवा नळी असते. झाकणाला लागून असलेल्या पहिल्या भोकाच्या खवल्यापासून सुरू करा. काडीने एकेक खवला किंचित उचलत पुढे जा, दर दहाव्या खवल्याला टाचणी लावा. थांबायचं कुठे? शेपूट हाताने एका बाजूला वाकवा. बुंध्यापाशी एक सुरकुती पडते, तिथे कण्याचं शेवटचं हाड संपतं. त्या सुरकुतीपर्यंतचे खवले धरायचे. त्यापुढे शेपटीच्या परवर चढलेले दोन-तीन खवले धरायचे नाहीत. जाळ्यात खवला निघून गेला असेल तर त्याचा खिसा कातडीत दिसतो, तो खिसा मोजा.

दोन्ही अंगांचे आकडे घ्या. एकाचा फरक चालतो. तीनचा आला तर मासा बरोबर आहे, मोजणारा चुकलाय.

गळकरी:

एवढं मोजत कोण बसतं राव. तोंड बघा. कटल्याचं तोंड वर वळलेलं, खालचा ओठ जाड, मिशा नाहीत. रोहूचं तोंड खालच्या बाजूला, ओठ जाड आणि कडेला झालर. मृगळाचं तोंड रुंद, ओठ पातळ, झालर नाही, थुतरीवर आखूड मिशांची एक जोडी. झालं की!

भीमाकाठ:

गळकरी, तीनच जाती असतील तर तुमचं खरं आहे. पण यांच्या तळ्यात तीन नाहीत, तीच तर अडचण आहे. तुमच्या वर्णनाप्रमाणे क्र. १ मृगळच ठरतो आणि घोडं तिथेच अडलंय.

आकडे देतो. पहिला पाठीच्या परच्या फाटेदार काड्यांचा, दुसरा पार्श्वरेषेवरच्या खवल्यांचा.

कटला: १४ ते १६ काड्या, ४० ते ४३ खवले.
रोहू: १२ ते १४ काड्या, ४० ते ४४ खवले.
मृगळ: १२-१३ काड्या, ४० ते ४५ खवले.
कलबासू: १३ ते १६ काड्या, ४० ते ४४ खवले. मिशांच्या दोन जोड्या, अंग काळपट.
रेबा: ८-९ काड्या, ३४ ते ३८ खवले.
गवत्या (ग्रास कार्प): ७ काड्या, खवले चाळीसच्या वर थोडे. मिशा अजिबात नाहीत.
सिप्रिनस (कॉमन कार्प): १८ ते २०च्या आसपास काड्या, ३५ ते ३९ खवले, मिशांच्या दोन जोड्या.

आता या आकड्यांकडे नीट बघा. कटला, रोहू, मृगळ, कलबासू, चौघांचे खवले चाळिशीतच आहेत. म्हणजे नुसते खवले मोजून या चौघांत फरक करता येणार नाही, तिथे गळकरींचं तोंडच कामाला येतं. उलट रेबा आणि मृगळ तोंडाने भाऊ-भाऊ वाटतात, पण पाठीच्या परात चार काड्यांचा फरक आहे. तो लपत नाही. कुठल्या जोडीला कुठली खूण लावायची हे कळलं की काम सोपं होतं. सगळ्यांना एकच खूण लावायला गेलं की गोंधळ होतो.

बाजारात सगळ्यात जास्त फसगत गवत्याची होते. कापून ठेवलेला गवत्या रोहू म्हणून सहज खपतो. गवत्याच्या प्रत्येक खवल्याला गडद कड असते, त्यामुळे अंगावर जाळी ओढल्यासारखी दिसते. पाठीचा पर आखूड असतो आणि गुदपर (गुदद्वारामागचा पर) पार मागे, शेपटीजवळ सरकलेला. डोकं कापलेलं असलं तरी या दोन परांच्या जागेवरून तो पकडता येतो. गवत्या आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे दोघे १९५९ साली भारतात आणले गेले, त्यामुळे जुन्या कोळ्यांच्या तोंडी त्यांना वेगळी गावठी नावं फारशी सापडत नाहीत.

तळेराखा:

क्र. २चे खवले मोजायला बसलो. पन्नाससाठ झाले तरी अर्ध्यावरच होतो, मग सोडून दिलं. म्हणजे कटला नाही एवढं कळलं. मग तो चंदेरा का?

काटेकोर:

सोडून दिलंत ते बरोबर. शंभरीच्या घरातले खवले आले की चंदेरा आणि बिगहेड कार्प दोनच उरतात आणि ते दोघे खवल्यांच्या आकड्याने वेगळे करायचे नसतात. पोटावरून बोट फिरवा.

मासा उताणा धरा. गळ्यापासून गुदद्वारापर्यंत तर्जनी सावकाश न्या. होडीच्या तळासारखी धारदार कड लागते. ती कड गळ्यापासूनच सुरू होत असेल तर चंदेरा. गळ्यापासून पोटाच्या परांपर्यंत पोट गोल लागलं आणि धार पोटाच्या परांच्या मागेच सुरू झाली तर बिगहेड. डोळे मिटून करता येण्यासारखी ही तपासणी आहे आणि लहान माशालाही लागू पडते.

दुसरी खूण छातीच्या परांची. पर अंगाला लावून मागे दाबा. टोक पोटाच्या परांच्या मुळाच्या बरंच पुढे गेलं तर बिगहेड, तिथपर्यंत जेमतेम पोचलं तर चंदेरा. परांची टोकं झिजलेली असतील तर ही खूण फसते, म्हणून आधी पोट.

दोघांनाही कटल्यापासून लांबून ओळखायचं तर डोळा बघा. चंदेरा आणि बिगहेडचा डोळा इतका खाली असतो की मासा उलटा धरलाय की काय असं वाटतं.

हापावाला:

क्र. ३ रोग नाही. सिप्रिनसचा मिरर प्रकार आहे. खवले कमी असणं जनुकामुळे येतं; पाण्याशी, खाद्याशी किंवा जिवाणूशी त्याचा संबंध नाही. औषध टाकू नका. भारतात सिप्रिनस पहिल्यांदा १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला तो याच घराण्यातला. पुढे १९५७ साली बँकॉककडून दुसरा वाण आला आणि मैदानी भागात तोच पसरला.

खात्री करायची तर खवल्यांच्या नादी लागू नका, इथे खवले उपयोगाचे नाहीत. पाठीचा पर लांबलचक आहे का बघा. मग त्याच्या पुढच्या जाड काट्याच्या मागच्या कडेवरून नख वरून खाली ओढा. करवतीसारखे दाते लागतील. गुदपरच्या पुढच्या काट्यालाही तसेच दाते असतात. लांब पर आणि दोन्हीकडे करवत असेल तर सिप्रिनस, मग अंगावर चाळीस खवले असोत की चार.

नख ओढताना काटा पकडायचा, मासा नाही. जिवंत सिप्रिनसने उसळी मारली तर तोच काटा बोटात शिरतो.

गळकरी:

करवती काटा पुंटियसलाही असतो की. आपल्या नदीतल्या सरना पुंटियसला तर आहेच आहे.

हापावाला:

बरोबर पकडलंत. म्हणूनच लांब पर हा शब्द आधी लिहिला. सरनाला करवती काटा आहे, पण त्याच्या मागे फाटेदार काड्या फक्त ८. सिप्रिनसला त्याच्या दुपटीहून जास्त. परची लांबी नुसत्या नजरेने कळते.

भीमाकाठ:

आणि महसीरच्या पोरांना पुंटियस समजून टोपलीत टाकू नका. महसीरचा पाठीचा काटा जाड आणि गुळगुळीत असतो, करवत नाही. खवले इतके मोठे की पार्श्वरेषेवर पंचविसाच्या आसपासच बसतात. चाळीस खवल्यांचा रोहू आणि पंचवीस खवल्यांचा महसीर शेजारी ठेवले तर मोजायची गरजच पडत नाही.

जाता जाता एक गंमत. दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि इथल्या लोकांकडून ऐकलेली नावंच लॅटिनात चढवली. कोलस, नुकटा, मुल्या, बोग्गट, पोटैल, फुलंगी, ही सगळी आज जगभरच्या मत्स्यशास्त्रात रुळलेली नावं भीमा खोऱ्यातल्या कोळ्यांच्या तोंडची आहेत. आपण मात्र बाजारात सरसकट ‘नदीचा मासा’ म्हणून मोकळे होतो.

काटेकोर:

आता चिलापी. कार्पच्या सवयीने मोजायला गेलात तर इथे गाडी अडते, कारण चिलापीची पार्श्वरेषा तुटलेली असते. वरचा तुकडा कल्ल्यापासून पाठीच्या परच्या मागच्या टोकाखाली संपतो, खालचा तुकडा दोन-तीन ओळी खाली सरकून शेपटीकडे जातो. नवशिके एकच तुकडा मोजतात आणि ‘वीसच खवले आले’ म्हणून चक्रावतात.

पाठीचा पर एकच, पण पुढे १५ ते १८ टोकदार काटे आणि मागे मऊ काड्या. गुदपरला तीन काटे. एवढं दिसलं की चिलापी हे नक्की. नाकपुडी दोन्ही बाजूंना एकेकच असते, ही आणखी एक छोटी खूण. कार्पला दोन-दोन असतात.

प्रकार कोणता यासाठी शेपटीचा पर उघडा. परच्या पूर्ण रुंदीवर बारीक उभे पट्टे ओळीने, सरळ दिसले तर नाईल. गिफ्ट नावाने विकतात तो याच जातीचा सुधारित वाण. पट्टे नसतील किंवा तुटक ठिपके असतील तर मोझांबिक, १९५२ साली आलेली जुनी चिलापी. विणीच्या काळात मोझांबिकचा नर काळाकुट्ट होतो, गळा पांढरा, परांची कड लाल. तेवढ्यापुरता रंग चालतो, पण मादी आणि पिल्लांना तो लागू नाही.

काट्यांची संख्या इथे कामाची नाही, दोघांची एकमेकांत मिसळते. त्यापेक्षा कल्ल्याचं झाकण उचला, पहिली कमान कात्रीने कापून बशीत ठेवा आणि तिच्या खालच्या अर्ध्यावरचे पांढरे दाते मोजा. मोझांबिकला साधारण १४ ते २०, नाईलला २० ते २६. १९, २०, २१ असा आकडा आला आणि पट्टेही अर्धवट असतील तर संकर समजा. एकाच तळ्यात दोन्ही असतील तर संकर व्हायला काही लागत नाही.

गळकरी:

मरळीचं पण एकदा लिहा. आमच्याकडे लहान मरळ म्हणून काय वाट्टेल ते विकतात.

काटेकोर:

मरळीच्या परात काटा नाही, सगळ्या मऊ काड्या, आणि पाठीचा पर मानेपासून शेपटीपर्यंत एकच. डोक्यावर मोठे खवले सापासारखे ढालीढालीने बसवलेले. पाठीच्या काड्या मोजा. ४५ ते ५५ आल्या तर मोठी मरळ, मारुलियस. शेपटीच्या बुंध्यावर वरच्या बाजूला डोळ्यासारखा ठिपका, भोवती फिकट कडं. ३७ ते ४६ आल्या तर स्ट्रायटा. तिशीच्या आसपास किंवा त्याखाली राहिल्या तर पंक्टाटा, ३२ ते ३७ म्हणजे गचुआ. शेवटच्या दोघी वीतभरच राहतात. त्यांची पिल्लं ‘मरळीचं बी’ म्हणून तळ्यात सोडून वर्षभर वाट बघणारे बरेच असतात. पोटाचे पर अगदीच आखूड आणि छातीच्या परांवर आडवे पट्टे असतील तर गचुआ.

भीमाकाठ:

खवले नसलेल्यांचं दोन ओळीत सांगतो, कारण तिथे सगळा भार परांवरच येतो.

पाठीवर मागच्या बाजूला काड्या नसलेला, चरबीचा मांसल पर आहे का? असेल तर शिंगटा किंवा पंगास. त्यात गुदपर लांब असेल तर पंगास. शिवड्याला चरबीचा पर नाही, पाठीचा पर पाच काड्यांचा चिमुकला, गुदपर मात्र अर्ध्या अंगाएवढा लांब आणि तोंडाची फट डोळ्याच्या मागे जाते. मांगुराचा पाठीचा पर लांब, शिंगीचा सहा-सात काड्यांचा आखूड. शिंगीच्या छातीच्या परातला काटा विषारी आहे, तो पकडायला कापड घ्या. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा: रूपचंदला चरबीचा पर आहे आणि खवलेही आहेत. त्यामुळे चरबीचा पर दिसला की लगेच ‘बिनखवल्याचा’ असा निष्कर्ष काढू नका.

गावठी मांगूर आणि थाई म्हणून विकला जाणारा आफ्रिकन मांगूर यांत फरक परांत शोधू नका, डोक्याच्या कवटीवर शोधा. डोक्याच्या मागच्या टोकाला हाडाची जी जीभ पाठीकडे येते ती बोटाने चाचपा. गोलसर लागली तर गावठी, कोनदार टोक लागलं तर आफ्रिकन. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे, तेव्हा बियाणात निघाला तर तळ्यात ठेवू नका आणि ओढ्यात तर मुळीच सोडू नका.

तळेराखा:

मोजून आलो.

क्र. १, तीन मासे. फाटेदार काड्या ८, ८, ९. खवले ३६, ३५, ३६. मिशांची एक जोडी, बारीक. ओठाला झालर नाही.

क्र. २: धार पोटाच्या परांच्या मागे सुरू होते. छातीचा पर पोटाच्या परांच्या पुढे बोटभर जातो.

क्र. ३: करवत दोन्हीकडे. हे सिप्रिनसच.

क्र. ४: एकाच्या शेपटीवर पट्टे, दाते २३. दुसऱ्याला पट्टे नाहीत, दाते १७.

अजून एक निघाला. डोकं कटल्यापेक्षा लहान पण रोहूपेक्षा मोठं, खालच्या ओठाला किंचितच झालर, काड्या १४, खवले ४२. याचं काय करायचं? आणि खवल्यावरची वर्तुळं मोजून वय काढतात ना? क्र. १चं वय काढता आलं तर तो वाढत नाही की लहानच आहे हे कळेल.

भीमाकाठ:

क्र. १ मृगळ नाही, आठ काड्यांवर विषय संपला. रेबा. आपल्या दख्खनच्या नद्यांत तिची चुलत बहीण फुलंगीही असते, पण तुमच्या तळ्याच्या हिशोबाला फरक पडत नाही. या माशाची धाव साधारण ३० सेंमीपर्यंत. तो वाढायचा थांबलेला नाही, त्याची उंचीच तेवढी. खाद्य वाढवून उपयोग नाही, पुढच्या ओढीला काढून विका.

क्र. २ बिगहेड. कटल्यासारखाच वरच्या थरातले सूक्ष्मजीव गाळून खातो, म्हणजे तुमच्या कटल्याच्या ताटात जेवतोय. कटला बारीक राहिला असेल तर एक कारण हे.

काटेकोर:

वयाचं. थंड देशात हिवाळ्यात वाढ थांबते, वर्तुळं दाट होतात आणि वर्षाची खूण पडते. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी आटलं, खाद्य तुटलं, मासा विणीला लागला, जाळ्यात सापडून सुटला, कशानेही खोटी खूण पडते. एका माशाच्या एका खवल्यावरून वय सांगणारा ज्योतिषी समजा.

तरी बघायचेच असतील तर खवला पाठीच्या परखाली, पार्श्वरेषेच्या वरून घ्या. शेपटीकडचे खवले वेडेवाकडे असतात. पाच-सहा काढा, साबणाच्या पाण्यात चोळून श्लेष्म काढा आणि काचेवर सुकवा. मध्यभाग कोरा, धुरकट दिसला तर तो पडून पुन्हा आलेला खवला. त्यावर आधीची वर्तुळं नसतातच. तो टाकून द्या.

हापावाला:

तो मधलाच मासा संकर आहे, कटला-रोहूचा असण्याचीच शक्यता जास्त. १४ काड्या दोघांतही बसतात, ४२ खवले दोघांतही बसतात, म्हणून आकडे गप्प राहतात. डोकं आणि ओठ दोन्ही मधलेच असणं हाच पुरावा. गोल टाकीत दोन-तीन जातींचे नर-माद्या एकत्र इंजेक्शन देऊन सोडले की पाण्यात एकीची अंडी आणि दुसऱ्याचं मिल्ट (नराचं वीर्य) मिसळतं. मासा खायला वाईट नाही, वाढतोही. फक्त त्याला पुढे पैदाशीसाठी ठेवू नका.

मूळ दुखणं बियाणाचं आहे, तेव्हा पुढच्या वेळी सोडायच्या आधी तपासा. इंचाच्या आतल्या बियाणाचे खवले मोजता येण्यासारखे नसतात, कधीकधी आलेलेच नसतात. तिथे या चर्चेतलं निम्मं ज्ञान बाजूला ठेवावं लागतं. चार-पाच सेंमीची बोटुकली घ्या, पांढऱ्या परातीत दोन बोटं पाणी, वरून उजेड. कटल्याचं डोकं मोठं आणि शेपटीच्या बुंध्यावर डाग नाही. मृगळाच्या बुंध्यावर शंकरपाळ्यासारखा गडद डाग, अंग सडपातळ. रोहूच्या बुंध्यावर डाग पट्ट्यासारखा पसरलेला, भिंगातून ओठाची झालर दिसते. कलबासू काळपट आणि मिशा चार. शंका आली की त्या बोटुकलीच्या पाठीच्या परच्या काड्या मोजा. मृगळाच्या ढिगातली रेबा आठ काड्यांवर तिथल्या तिथे सापडली असती.

नमुना हाप्याच्या (बी ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्याच्या) एकाच कोपऱ्यातून घेऊ नका. कटला वर तरंगतो, मृगळ तळाशी बसतो. वरून गाळणं फिरवलं तर सगळा कटलाच येणार आणि तळातून घेतलं तर सगळा मृगळ. हापा एका टोकाकडून उचलून बी एकवट करा, हाताने ढवळा आणि मगच गाळण्याने काढा. तीन वेळा, दर वेळी शंभर तरी. तिन्हींची सरासरी धरा. पहिल्या गाळण्यात ६० कटला आणि दुसऱ्यात २५ आला तर ढवळणं कमी पडलंय, पुन्हा करा. हे पिशव्यांत भरण्याआधी, विक्रेत्यासमोर. पिशवी गाडीत चढल्यावर मोजून फक्त मनस्ताप मिळतो.

तळेराखा:

कळलं. बिगहेड आणि रेबा या ओढीत काढतो. एक शेवटचं: अनोळखी मासा निघाला तर इथे फोटो कसा टाकू म्हणजे तुम्हाला सांगता येईल?

काटेकोर:

तीन फोटो. पहिला पूर्ण मासा, तोंड डावीकडे, पर टाचणीने उघडलेले, खाली पट्टी. दुसरा तोंडाचा, खालून. तिसरा पाठीच्या परचा, मागून टॉर्च लावून. मासा ओला हवा पण पाणी पुसलेलं, नाहीतर खवल्यांवर चमक येते आणि पार्श्वरेषा गायब होते. फ्लॅश बंद. हातात धरून, हात पुढे करून मासा मोठा दाखवायचे फोटो नकोत. त्यात तुमचा अंगठा नेमका पाठीच्या परवर असतो.

ठेवून द्यायचा असेल तर बाजारातल्या फॉर्मलिनचा एक भाग, पाणी नऊ भाग. वीतभराहून मोठ्या माशाच्या उजव्या अंगाला पोटावर एक छेद द्या म्हणजे आतून सडत नाही आणि डावं अंग मोजायला अखंड राहतं. पर आधी उघडून घ्या, फॉर्मलिनमध्ये ते जसे असतात तसेच कडक होतात. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, आणि बरणीवर तारीख, ठिकाण आणि काड्यांचा आकडा पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत टाका. पेनाची शाई उतरते.